वाईच्या विहिरीत ठरलेला स्कॉटलंडचा सूट

माझ्या भाचीचं ओबानला जायचं पक्कं झालं तेव्हा तिच्या हातात नऊ महिने होते. ओबान हे स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचं छोटं गाव. सागरी जीवशास्त्र शिकायला तिथं बाहेरून मुलं येतात. तिथल्या समुद्राचं पाणी हिवाळ्याच्या शेवटी ७ अंशांपर्यंत उतरतं आणि भर उन्हाळ्यातसुद्धा १३-१४ च्या वर क्वचितच जातं. भाचीने तोवर ३१ डाइव्ह, म्हणजे पाठीवर हवेचा सिलेंडर घेऊन मारलेल्या बुड्या, केल्या होत्या, सगळ्या तारकर्लीला आणि अंदमानात, २६ ते २९ अंशांच्या पाण्यात. थंड पाणी म्हणजे तिच्या लेखी आमच्या मळ्यातल्या विहिरीचं पाणी.

मी बरीच वर्षं मुंबई हायच्या परिसरात व्यावसायिक डायव्हर म्हणून काम केलं. त्यातले दोन हिवाळे नॉर्वेच्या किनाऱ्यावर गेले. आता वाईजवळ मळा बघतो. त्यामुळे तिने विचारलं ते मलाच.

"मामा, तारकर्लीला तीन मिमीच्या सूटमध्ये मला शेवटी शेवटी गार वाटायचं. मग आता सात मिमीचा घेतला की झालं ना? आणि तिथं गेल्यावर पंधरा लिटरची टाकी घेते. मोठी टाकी असली की हवा संपायची भीती नाही."

मोबाइलवर तिने दोन्ही निवडून ठेवलं होतं. वेटसूटवर सवलत होती आणि ती रात्री बारापर्यंतच होती. मी तिला म्हटलं, "आजची रात्र जाऊ दे."

तिची निवड अडाणीपणाची नव्हती. आपल्याकडे शिकलेले बहुतेक डायव्हर असाच विचार करतात, कारण आपल्या किनाऱ्यावर सूट आणि सिलेंडर हे दोन वेगळे प्रश्न असतात. सूट अंगाला खरचटू नये म्हणून, आणि सिलेंडर दुकानात असेल तो. तारकर्ली असो की अंदमान, पाठीवर तोच अॅल्युमिनियमचा ८० घनफुटी सिलेंडर येतो, ११.१ लिटरचा, २०७ बार दाबाचा. निवडायचं काही नसतंच. थंड पाण्यात मात्र सूट ठरवतो की बुडायला कमरेला शिसं किती लागणार, सिलेंडर त्यातलं किती शिसं कमी करणार ते ठरवतो, आणि दोन्ही मिळून खाली काही बिघडलं तर माणूस स्वतःच्या बळावर वर येईल की नाही ते ठरवतात. म्हणून मी या दोन खरेद्यांना एकच निर्णय मानतो. या प्रकरणात मला तेच मांडायचं आहे.

सात मिमी आणि पंधरा लिटर ही जोडी का नको

वेटसूट निओप्रीनचा असतो. निओप्रीन म्हणजे वायूच्या बारीक बुडबुड्यांनी भरलेलं रबर. ऊब देतात ते हे बुडबुडे. दहा मीटर खाली दाब दुप्पट होतो आणि बुडबुडे निम्मे होतात. वीस मीटरवर ते एक तृतीयांश उरतात. जुन्या गादीतला कापूस दबला की खालची फळी पाठीला लागायला लागते, तसंच हे. वर सात मिमीचा असलेला सूट जिथं सगळ्यात गार आहे तिथंच पातळ होतो.

ऊब जाते, आणि तिच्याबरोबर तरंगण्याची ताकदही जाते. सात मिमीचा दुहेरी सूट पृष्ठभागावर इतका तरंगतो की खाली जायला भरपूर शिसं बांधावं लागतं. वीस मीटरवर सूट दबतो, शिसं मात्र तेवढंच राहतं. त्यात पाठीवर पंधरा लिटरचा स्टीलचा सिलेंडर असेल, जो रिकामाच १८ किलोच्या आसपास भरतो, तर सगळा भार बीसीडीच्या, म्हणजे हवा भरून तरंगवणाऱ्या जाकिटाच्या, पिशवीवर येतो. ती पिशवी फाटली किंवा तिच्यात हवा भरणारी इन्फ्लेटरची नळी निसटली, तर पन्नास किलोची मुलगी फिन मारून ते ओझं वर आणू शकणार नाही. स्टीलचा जड सिलेंडर आणि जाड वेटसूट ही जोडी मी कुणालाच सुचवत नाही. तिला तर मी सरळ नाही म्हणालो.

ड्रायसूटची गोष्ट वेगळी. आत पाणी शिरत नाही. अंगावर कोरडे जाड कपडे, त्यावर सूट, आणि आतली हवा दाबाने आकसायला लागली की छातीवरच्या झडपेतून सिलेंडरमधली थोडी हवा आत सोडायची. खोली कितीही असो, हवेचा थर तेवढाच राहतो, म्हणून ऊबही तेवढीच. आणि बीसीडी गेली तर तरंगायला दुसरी सोय हाताशी असते.

तरी ती म्हणाली, "पण मामा, खूप जण सात मिमीत जातात तिकडं."

जातात. उन्हाळ्यात जातात, वीस मिनिटं जातात, पोहत राहतात. तिचं काम कसलं असणार होतं? तळावर चौकट ठेवायची आणि आतले जीव मोजून पाटीवर लिहायचे. म्हणजे एका जागी गुडघ्यांवर अर्धा तास. हे सांगून पटत नव्हतं, तेव्हा आम्ही विहिरीकडे गेलो.

विहिरीतला अर्धा तास

आमच्या मळ्यातली विहीर जुनी, दगडी पायऱ्यांची. जानेवारीत तिच्यात आठ मीटर पाणी असतं. तिथंच मी आणि माझी बहीण पाठीला भोपळा बांधून पोहायला शिकलो. पाण्याचं तापमान २२ अंश. तळाशी एक रुंद टप्पा आहे, त्यावर भाचीला तीन मिमीच्या सूटमध्ये बसवलं, हातात पाटी आणि पेन्सिल दिली. विहिरीच्या कडेला माझा मुलगा कासरा धरून उभा, आणि मी पाण्यात तिच्या शेजारी. हलायचं नाही, दर मिनिटाला एक आकडा लिहायचा, थंडी वाजली की खूण करायची, एवढंच काम.

वाई समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या वर आहे. तीनशे मीटरच्या वरची डाइव्ह उंचीवरची मानतात, म्हणून खोली आणि वेळ मोजणारा डाइव्ह कॉम्प्युटर आधी त्या सेटिंगवर नेला. आठ मीटरच्या डाइव्हसाठी हे जास्तीचं वाटेल, पण सवय अशाच ठिकाणी लागते. त्या दिवशी दुपारी सगळ्यांना पाचगणीला जेवायला बोलावणं होतं. पसरणी घाट म्हणजे अर्ध्या तासात आणखी पाचशे मीटरच्या वर चढण. दाबाखाली श्वासातला नायट्रोजन अंगात विरघळतो, आणि डाइव्हनंतर लगेच उंचावर गेलं की त्याचे बुडबुडे होऊ शकतात, म्हणून आम्ही दोघं गेलो नाही. मालवणात दुपारी डाइव्ह करून संध्याकाळीच गाडीने घाट चढून साताऱ्याकडे निघणारी मुलं मी पाहिली आहेत. त्यांच्या पालकांना हे कुणी सांगत नाही म्हणून इथं लिहितो: विमानाइतकाच घाटही लक्षात ठेवायला हवा.

सतराव्या मिनिटाला तिने हात काखेत घेतले. सव्विसाव्याला खूण केली. बावीस अंशांत! पोहताना हीच मुलगी त्याच विहिरीत तासभर मजेत राहते.

वर आल्यावर ओठ निळसर, पण चेहरा विचारात पडलेला. मी चहा दिला आणि तिच्याच अंगाचं गणित तिला सांगितलं. पाणी हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता ओढून नेतं. वजन ५० किलो, उंची पाच फूट एक इंच. लहान अंगाला वजनाच्या मानाने कातडी जास्त, म्हणून उष्णता लवकर जाते. त्यात बसून काम. हिला बावीस अंशांत सव्वीस मिनिटं मिळाली, तर सात अंशांत सात मिमीच्या दबलेल्या सूटमध्ये किती मिळतील? आणि थंडीचा सगळ्यात वाईट परिणाम शेवटी होतो. डाइव्हच्या सुरुवातीला अंग उबदार असतं, नायट्रोजन भरभर आत जातो. शेवटी हातपाय गारठलेले असतात, तिथला रक्तप्रवाह आटलेला असतो, आणि तोच नायट्रोजन बाहेर पडायची वेळ झालेली असते. म्हणून गारठून वर येणारा डायव्हर डीकंप्रेशनच्या, म्हणजे नायट्रोजन अंगातून सुखरूप बाहेर पडण्याच्या, दृष्टीनेही जास्त धोक्यात असतो.

"ड्रायसूट," ती म्हणाली. त्या रात्रीची सवलत कधीच संपली होती.

पुण्याचा जुना सूट

इथं एक चूक झाली, आणि ती माझी. नवा ट्रायलॅमिनेट, म्हणजे तीन थरांच्या कापडाचा, ड्रायसूट, आतले कपडे आणि हातमोजे धरून लाखाच्या पुढे जातो. बहिणीच्या घरी त्या वर्षी तिच्या शिक्षणाचंच ओझं होतं. पुण्यात एकाकडे वापरलेला ड्रायसूट निम्म्याहून कमी किमतीत मिळत होता. "एकदाच घातलाय," असं विकणाऱ्याने सांगितलं. मी चेन पाहिली, शिवण पाहिली, झडपा दाबून पाहिल्या. गळ्याची सील, म्हणजे पाणी अडवणारी घट्ट पट्टी, हाताने ताणून पाहिली नाही.

सील लॅटेक्सची होती. लॅटेक्सला ऊन, उष्णता आणि तेल सोसत नाही. पुण्याच्या तीन उन्हाळ्यांत पत्र्याखालच्या माळ्यावर राहिलेलं लॅटेक्स काय होतं ते आम्हाला विहिरीत कळलं. पहिल्या दिवशी ठीक गेलं. दुसऱ्या दिवशी पाच मीटरवर ती मान वळवायला गेली आणि पाठीच्या कण्यावरून गार रेघ उतरली. सील कानाखाली चिरली होती.

ती घाबरली नाही, याचं मला आजही कौतुक आहे. तिने खूण केली, बीसीडीत हवा घेतली आणि सावकाश वर आली. ड्रायसूटमध्ये पाणी भरलं की माणूस दगडासारखा खाली जातो असा समज आहे, तो चुकीचा आहे. पाण्यात पाण्याला वजन नसतं. जाते ती आतल्या हवेची उचल, आणि तेवढी बीसीडी भरून काढते. खरी अडचण पाण्याबाहेर येताना होते. दोन्ही पायांत पाणी भरलेलं, आणि विहिरीच्या चौदा पायऱ्या. माझ्या मुलाने आणि मी काखेत हात घालून तिला वर घेतली. लाटांवर हलणाऱ्या बोटीच्या शिडीवर हे झालं असतं तर काय, हा विचार माझ्या बहिणीच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसला. "दादा, ह्यात पैसे वाचवायचे नाहीत," ती एवढंच म्हणाली आणि आत गेली.

त्या सूटने शिकवलं मात्र खूप. सील बदलून घेण्याआधी गळ्याला निओप्रीनची पट्टी चिकटवून पोहण्याच्या तलावाच्या उथळ भागात आम्ही चार सकाळी सराव केला. ड्रायसूटमधली हवा अंगाभोवती फिरते. डोकं खाली गेलं की ती पायांकडे धावते आणि माणूस उलटा वर ओढला जातो, भोपळा पाठीऐवजी घोट्याला बांधल्यासारखा. तसं झालं की गुडघे पोटाशी घ्यायचे, गुंडाळी करून लोळायचं, आणि डावा दंड उंच धरून तिथल्या झडपेतून हवा सोडायची. हे कागदावर वाचून अंगात येत नाही. तिने ते वीसएक वेळा केलं. सराव सूर्योदयालाच उरकायचा, कारण साताऱ्याच्या दहा वाजताच्या उन्हात ड्रायसूट घालून नुसतं उभं राहिलं तरी माणसाला उष्माघात होऊ शकतो.

आतल्या कपड्यांवरून घरात बरीच चर्चा झाली. बहिणीने सुती बनियन आणि जाड सुती पायजमे काढून ठेवले होते. माझ्या आईने ते बाजूला सारले. तिचं माहेर माणचं. "मेंढरामागं हिंडणारा धनगर पावसात घोंगडं घेतो, सुती चादर घेत नाही," ती म्हणाली. याहून नेमकं मी सांगू शकलो नसतो. लोकर भिजली तरी बरीचशी ऊब राखते. सुती कापड घामाने ओलं झालं की अंगालाच गारवा देतं, आणि ड्रायसूटमध्ये घाम येतोच. म्हणून अंगालगत पातळ मेरिनो लोकर आणि त्यावर जाड कृत्रिम धाग्यांचा एकसंध सूट, असं ठरलं.

नवा सूट मापाचा शिवून घ्यायचा आणि स्कॉटलंडच्या पत्त्यावर मागवायचा असं ठरलं, कारण तयार मापांत पाच फूट एक इंचाची मुलगी बसेना. पायात घोळ राहिला की तिथंच हवा साठते. मापं वाईतल्या आमच्या शिंप्याने घेतली, आतले जाड कपडे घालूनच. तिला उकिडवं बसवून पाठीचं माप घेतलं, हात डोक्यामागे नेऊन सिलेंडरची झडप फिरवता येते का ते पाहिलं, तेव्हा तो म्हणाला की पैलवानाची बंडीही तो अशीच बसवून मापतो. गळ्याला आणि मनगटांना सिलिकॉनच्या सील घेतल्या, ज्या फाटल्या तर हातानेच बदलता येतात. सिलिकॉन उन्हाने विरत नाही. टोकदार नखाने मात्र लॅटेक्सपेक्षा लवकर फाटतं, म्हणून एक जादा सील पिशवीत.

एक गोष्ट जाता जाता सापडली. तिचा रेग्युलेटर, म्हणजे सिलेंडरमधल्या हवेचा दाब उतरवून ती तोंडाशी देणारं उपकरण, मी टॉर्च लावून पाहिला, तर त्यावर दहा अंशांच्या वरच वापरावा अशी युरोपीय मानकाची खूण होती. तारकर्लीला त्याचा काही संबंध नव्हता. सात अंशांत मात्र पहिल्या टप्प्यात, म्हणजे सिलेंडरला जोडलेल्या भागात, हवा फैलावून इतकी गार होते की आत बर्फ धरतो, झडप उघडी अडकते आणि हवा अखंड वाहू लागते. सिलेंडर मिनिटांत रिकामा होतो. पहिला टप्पा पाण्यापासून बंद केलेला, थंड पाण्यासाठी मान्य असा रेग्युलेटर तिथं गेल्यावर घ्यायचा, हे यादीत सगळ्यात वर लिहिलं.

शिसं, स्टील आणि लिटर

आता टाकी. विहिरीत, जुन्या ड्रायसूटमध्ये, जवळजवळ रिकाम्या अॅल्युमिनियमच्या सिलेंडरसह तिला नीट तरंगायला ९ किलो शिसं लागलं. तारकर्लीला लागायचं ४. पण हे गोडं पाणी. समुद्राचं पाणी अडीच-तीन टक्क्यांनी जड. ती आणि तिचं सामान मिळून ८५ किलोच्या आसपास, म्हणजे समुद्रात आणखी सव्वादोन किलो. एकूण सव्वाअकरा. एवढं शिसं कमरेला बांधून पन्नास किलोच्या मुलीने शेवाळलेल्या खडकांवरून पाण्यात उतरायचं?

इथं स्टील उपयोगी पडतं. अॅल्युमिनियमचा ८० घनफुटी सिलेंडर रिकामा झाला की सुमारे १.८ किलोने वर तरंगू पाहतो. बारा लिटरचा स्टीलचा रिकामा झाला तरी किलोभर खालीच ओढतो. फरक जवळपास तीन किलो. म्हणजे शिसं सव्वाअकरावरून साधारण आठवर. सूटने वाढवलेलं ओझं सिलेंडरने कमी केलं, आणि ड्रायसूट असल्यामुळे स्टीलचं वजन धोक्याचंही ठरत नाही.

मग किती लिटर? पृष्ठभागावर तिला मिनिटाला १५ लिटर हवा लागते, हे तारकर्लीच्या नोंदींवरून. थंडीत आणि नव्या सूटमध्ये २२ धरली. अठरा मीटरवर दाब २.८ बार, म्हणजे मिनिटाला ६१.६ लिटर. राखीव हवा मी सरसकट ५० बार धरून मोकळा होत नाही, ती मोजतो. जोडीदाराची हवा गेली तर दोघांनी घाबरून मिनिटाला प्रत्येकी ३० लिटर घेतली, एक मिनिट तळावर गेलं, दोन मिनिटं चढायला, तीन मिनिटं पाच मीटरवर थांबायला: १६८, २२८ आणि २७० मिळून ६६६ लिटर. सिलेंडरच्या लिटरांनी भागून वरच्या दहात पूर्ण केलं, तर दहा लिटरच्या सिलेंडरमध्ये हे जवळपास ७० बार झाले, बाराच्या सिलेंडरमध्ये ६०, पंधराच्या सिलेंडरमध्ये ५०. भरलेल्या सिलेंडरच्या २३२ बारपासून तिथपर्यंत दहा लिटरवर २६ मिनिटं मिळतात, बारावर ३३, पंधरावर ४४.

ती लगेच म्हणाली, "मग पंधराच." मी विचारलं, चव्वेचाळीस मिनिटं तू तळाशी बसशील का? अंग आधी सांगेल की हवा? पंधरा लिटरमधली शेवटची दहा मिनिटं तिच्या कामाचीच नव्हती, ओझं मात्र पहिल्या पावलापासून होतं.

आणखी एक हिशेब तिने स्वतः करून आणला, तो मला फार आवडला. नुकताच भरलेला सिलेंडर गरम असतो. ४० अंशांवर गेजने २३२ दाखवले, तर ८ अंशांच्या पाण्यात तेच २०८ होतात. हवा कुठं गेली नाही, गार झाली. बारा लिटरमध्ये तेवढ्याने जवळपास पाच मिनिटं कमी. म्हणून भरलेला सिलेंडर रात्रभर गार होऊ द्यायचा आणि पाण्यात उतरण्याआधीचा आकडाच खरा धरायचा.

मी दहा लिटरच्या बाजूने होतो. तो हलका, लांबीला कमी, आणि त्यात २,३२० लिटर हवा, म्हणजे तिच्या ओळखीच्या अॅल्युमिनियमच्या सिलेंडरएवढीच. माझी भीती अशी की बारा लिटरचा लांब सिलेंडर तिच्या आखूड पाठीवर डोक्यालाही लागेल आणि मांडीलाही. तिने बाराचा आग्रह धरला, सव्वीस मिनिटांत चौकटी पूर्ण होणार नाहीत म्हणून. विकत काही घ्यायचं नाही, तिथल्या क्लबकडून दोन्ही भाड्याने वापरून बघायचे, एवढ्यावर आम्ही थांबलो. सोबत तीन लिटरचा छोटा स्वतंत्र सिलेंडर, स्वतःच्या रेग्युलेटरसह. मुख्य रेग्युलेटर गोठला तर तिची एकटीची वाट त्यावर निघते.

ओबानहून

ती सप्टेंबरात गेली. ऑक्टोबरात तिने कळवलं की बारा लिटरमध्ये दोन प्रकार असतात, एक लांब आणि एक आखूड-जाड. आखूड-जाड सिलेंडर तिच्या पाठीवर नीट बसला. म्हणजे तिचं बरोबर ठरलं, माझं नाही. समुद्रात शिसं आठ किलो लागलं, विहिरीत काढलं होतं तेवढंच. हे वाचून मी विहिरीवर जाऊन आलो.

मार्चातल्या एका डाइव्हची पूर्ण नोंद तिने पाठवली. पाणी ७ अंश, सरासरी खोली १६ मीटर, ३४ मिनिटं, सुरुवातीला २२५ बार आणि शेवटी ७५. हिशेब केला तर पृष्ठभागाच्या मापात मिनिटाला वीस लिटरच्या किंचित वर, सूटमध्ये सोडलेली हवा धरून. अंग शेवटपर्यंत उबदार. हात मात्र नाही. तिने पाच मिमीचे ओले, म्हणजे आत पाणी शिरणारे, हातमोजे घातले होते, कोरडे मोजे मार्चपर्यंत परवडले नव्हते.

सोबत पाटीचा फोटो होता. चुनखडी शेवाळाच्या पट्ट्यावरच्या चौकटी, एकाखाली एक. पहिल्या बारा ओळींचं अक्षर तिचं नेहमीचं, बारीक आणि सरळ. पंधराव्या ओळीपासून आकडे मोठे होत गेलेले, अठराव्यात ३ आहे की ८ ते कळत नाही. खाली तिने लिहिलं होतं, "मामा, कोरडे मोजे मागवलेत. तोवर अक्षर बिघडायला लागलं की वर फिरते. काल अठ्ठाविसाव्या मिनिटाला फिरले."